पुनावळे : शहराचे अंगण

मुंबईहून द्रुतगती मार्गाने येणारी गाडी किवळ्याला तो रस्ता सोडते आणि कात्रजकडे जाणाऱ्या बाह्यवळण मार्गाला लागते. थोड्याच अंतरावर पवना नदीचा पूल आहे. पूल ओलांडला म्हणजे पुनावळे आले. वाचकहो, गाव म्हणून तुम्ही ते शोधू लागलात तर मात्र फसाल. पार, देऊळ, कौलारू घरे, गावाबाहेरचा ओढा अशी आपली गावाची जी कल्पना असते ती येथे चटकन नजरेला पडत नाही. दिसतात त्या उंचच उंच इमारती, त्यांना दिलेली इंग्रजी नावे आणि रस्त्याच्या कडेला लावलेले सदनिकांचे मोठाले फलक. महामार्गाखाली एक अरुंद भुयारी वाट आहे. सकाळ-संध्याकाळ तेथे गाड्यांची इतकी दाटी होते, की पायी चालणारा माणूस मोटारीच्या आधी पलीकडे पोचावा.

पण वस्त्यांची नावे विचारा. काटे वस्ती, कोयते वस्ती. नावांत अजून गाव शिल्लक आहे. मुळशी-मावळाच्या कडेचा हा पट्टा भाताचा, ज्वारी-हरभऱ्याचा आणि नदीकाठी भाजीपाल्याचा. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने आपली हद्द वाढवली, तेव्हा आजूबाजूच्या गावांबरोबर पुनावळेही शहरात गेले. ग्रामपंचायत गेली, सातबारा राहिला. पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या वाढल्या आणि त्यांत काम करणाऱ्यांना राहायला घरे हवी झाली. मग जमिनीचा हिशेब एकरावरून गुंठ्यावर आणि गुंठ्यावरून चौरस फुटावर आला.

या गावाची ओळख करून देतो आहे ती उंच इमारतींच्या कौतुकासाठी नव्हे. हल्ली मोठी शहरे आपले नाव व्हावे म्हणून फार धडपडतात. वेशीवर कमानी उभारतात, चौकात पुतळे बसवतात, बोधवाक्ये रंगवतात, स्पर्धांत क्रमांक मिळवतात. यात आपल्याला काय, असे कदाचित तुम्ही म्हणाल. पण आपला मुलगा नोकरीला त्याच शहरात जातो, आपली लेक तेथे नांदायला जाते, आपला भाजीपाला आणि दूध तेथेच विकले जाते. शहराच्या नावावर विश्वास ठेवून आपण आपली माणसे आणि आपला माल तेथे पाठवतो. म्हणून ते नाव कशावर उभे आहे हे पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि ते पाहायला पुनावळ्यासारखी जागा नाही. कारण मुंबईकडून येणाऱ्याला हे गाव शहराच्या पुढच्या दारात लागते, आणि शहराने मात्र त्याला बरीच वर्षे मागचे दार मानले. आपल्याकडे म्हणतातच, घराची कळा अंगण सांगते.

उद्योगनगरीचे नाव

आधी शहराचा मोठेपणा मान्य करू. चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीचे क्षेत्र आणि चापेकर बंधूंचे गाव. देहू आणि आळंदी हाकेच्या अंतरावर. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्यामागून औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, मोटारींचे आणि स्कूटरचे मोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. १९७१ च्या जनगणनेत लाखाच्याही आत असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजारांवर गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, कोकण, कोठला जिल्हा येथे नाही? दुष्काळात घर सोडून आलेल्या कितीतरी कुटुंबांची चूल या शहराने पेटती ठेवली. 'उद्योगनगरी' आणि 'कामगारनगरी' ही नावे त्याला कोणी जाहिरात करून दिलेली नाहीत. कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसांनी ती कमावली आहेत.

अलीकडे शहराने आणखी नाव मिळवण्याचे प्रयत्न केले. निगडीला भक्ती-शक्तीचे शिल्प आहे. त्यात तुकोबा आणि शिवाजी महाराज यांची भेट दाखवली आहे. तेथेच २०१८ च्या प्रजासत्ताकदिनी १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. २०१७ साली केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत शहराची निवड झाली. जुलै २०२५ मध्ये २०२४ च्या स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला, त्यात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत पिंपरी-चिंचवडला सातवा क्रमांक मिळाला. रस्ते रुंद आहेत, बागा आहेत, उड्डाणपूल आहेत. यांतले काहीही खोटे नाही आणि वाईटही नाही. लग्नघराला तोरण बांधतात तसे शहराने दर्शनी भाग सजवला तर त्यात गैर काय?

गैर होते ते पुढे. तोरण बांधणाऱ्याने खरकटे शेजाऱ्याच्या दारात टाकले, तर गाव तोरणाविषयी बोलत नाही, खरकट्याविषयी बोलते.

मागचे दार

पुनावळ्याच्या एका अंगाला वनखात्याची जमीन आहे. तेथे झाडी आहे, पक्षी आहेत, चढावर मोकळा वारा आहे. शहराच्या विकास आराखड्यात याच ठिकाणी कचरा डेपोचे आरक्षण होते. शहराचा कचरा वर्षानुवर्षे मोशीला जातो. ती जागा कमी पडणार म्हणून दुसरी जागा हवी, असे पालिकेचे म्हणणे. कागदावर हे म्हणणे चुकीचे नाही. एवढ्या वस्तीचा कचरा कोठेतरी जाणारच.

पण गंमत पाहा. ज्या पालिकेच्या आराखड्यात हे आरक्षण होते, तीच पालिका शेजारी इमारतींना परवानगी देत होती. घर घेणाऱ्याला फलकावर हिरवी टेकडी दाखवली जात होती. आयुष्याची कमाई घालून, वीस वर्षांचे कर्ज काढून लोक राहायला आले. मग एके दिवशी कळले, की खिडकीतून दिसते ती टेकडी उद्या कचऱ्याची होणार आहे.

२०२३ च्या अखेरीस येथे आंदोलन पेटले. जुने शेतकरी आणि नवे सदनिकाधारक, पुनावळ्याचे आणि शेजारच्या मारुंजी-ताथवड्याचे, एकत्र आले. मोर्चे निघाले, लोकांनी झाडांना मिठ्या मारून उभे राहून निषेध केला. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारने हा डेपो रद्द करीत असल्याचे जाहीर केले.

यात ध्यानात घेण्यासारखे दोन मुद्दे आहेत. एक म्हणजे, एरवी ज्यांची एकमेकांशी ओळखही नसते ते गाववाले आणि बिऱ्हाडकरू कचऱ्याने एकत्र आणले. दुसरा अधिक महत्त्वाचा. ते कित्येक महिने वर्तमानपत्रांत पुनावळ्याचे नाव येत राहिले ते 'कचरा डेपो' या दोन शब्दांबरोबर. शहराने कमानीवर केलेला खर्च त्या काळात कोणाच्या कामी आला? नाव कमावायला चाळीस वर्षे लागली, आणि पुसायला एक आरक्षण पुरले असते.

अर्थात डेपो रद्द झाल्याने कचरा नाहीसा झाला नाही. मोशीला १ ऑगस्ट २०२३ पासून कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला आहे. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा त्यात जाळून वीज करायची अशी त्याची योजना आहे. ओझे त्याने हलके होईल. तरीही 'आमच्याकडे नको' एवढ्यावर पुनावळे थांबले आणि मोशीकर तसाच वास घेत राहिले, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही. एका अंगणातला कचरा दुसऱ्या अंगणात लोटल्याने घर स्वच्छ होत नसते.

शेजारच्या थोरल्या शहराची गोष्ट

पुण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. विद्येचे माहेरघर म्हणून पुण्याचे नाव देशभर. त्याच पुण्याचा कचरा कित्येक वर्षे हडपसरच्या पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत टाकला गेला. विहिरींचे पाणी बिघडले, माश्या आणि दुर्गंधी यांनी घरात बसणे कठीण झाले. या गावांत लेक द्यायला लोक कचरतात, अशी तेथल्या लोकांची तक्रार असे. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. सुमारे तीन आठवडे पुण्याच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. माहेरघराचा वास सगळ्या देशाने घेतला.

यात पुण्याचे नाव गेले हे तर खरेच. पण त्याआधी कितीतरी वर्षे त्या दोन गावांचे नाव गेले होते, आणि त्याची खंत कोणाला नव्हती. शहर आपले नाव राखते तेव्हा कधी कधी ते दुसऱ्याच्या नावाची किंमत देऊन राखते. शेतकरी कुटुंबांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी.

नदी काय सांगते

आता पुनावळ्याच्या दुसऱ्या अंगाला, नदीकडे चला. पलीकडच्या तीरावर रावेत. तेथल्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी उचलले जाते. हे पाणी मावळातल्या पवना धरणातून नदीवाटे वाहत येते. शहर वाढले तसे पाणी कमी पडू लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला दिवसाआड पाण्याचा क्रम पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. पुनावळ्याच्या इमारतींना टँकर ही नित्याचीच गोष्ट झाली.

धरणापासून थेट बंद नळाने पाणी आणावे, अशी पालिकेने योजना केली. मावळच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. नदी कोरडी पडली तर काठच्या शेतीचे काय, हा त्यांचा प्रश्न. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मरण पावले. त्यांत एक स्त्री होती. योजना थांबली. तिच्यावरची स्थगिती २०२३ मध्ये उठवण्यात आली. शहराला पाणी लागते हे खरे, नळाने आणले तर वाटेत घाण मिसळत नाही हेही खरे. पण ज्या दिवशी पाण्यासाठी माणसे मेली, त्या दिवशी मावळच्या घराघरांत या शहराचे जे चित्र उमटले ते कोणत्या फलकाने पुसायचे?

रावेतच्या खाली हीच पवना शहरातून वाहते. उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णीचा गालिचा पसरतो. थेरगावजवळ बंधाऱ्यावर पांढरा फेस तरंगल्याच्या बातम्या वारंवार येतात. शहराच्या उत्तरेला इंद्रायणीची गत तीच. वारकरी आळंदीला स्नानाला उतरतात आणि पाण्यावर फेस पाहतात. आणि 'इंद्रायणी' म्हटले की आपल्या घरातल्या बायकांना काय आठवते? वाफाळलेला, वासाचा भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली या वाणाची शिफारस झाली. नदीचे नाव त्याला दिले आणि भाताने ते नाव मोठे केले. एकच नाव. एकाच नावाचा एका ताटात सुगंध आणि दुसरीकडे पात्रात फेस. नाव कशाने मोठे होते आणि कशाने खाली येते, याचा याहून सोपा दाखला नाही.

करंडीच्या तोंडाशी ठेवलेला माल

आम्ही शेतीखात्यातली माणसे शेतकऱ्याला प्रतवारीचे महत्त्व सांगत फिरतो. करंडीच्या तोंडाशी लालबुंद टोमॅटो आणि तळाशी किडका माल भरला, तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको. अडत्या करंडी पालथी करतो. एकदा तळ दिसला की पुढल्या वेळी तोंडाशी कितीही चांगला माल ठेवा, भाव तळाचाच मिळतो.

द्राक्षाचे उदाहरण घ्या. नाशिक-सांगलीच्या द्राक्षाने युरोपात नाव कमावले होते. २०१० च्या हंगामात तेथे आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे वाढ रोखण्यासाठी आपण वापरतो त्या सीसीसीचा, अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला. माल अडला, परत आला, बागाइतदार कर्जात गेले. घड दिसायला देखणेच होते. पेटीवरचे चित्रही सुंदर होते. पण तपासणाऱ्याने चित्र तपासले नाही, मणी तपासला. नंतर नाव परत मिळाले ते नवे चित्र छापून नव्हे. बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा दाखला, असे काम मुळापासून काटेकोर केले तेव्हा मिळाले.

शहराचेही असेच आहे. कमान हे पेटीवरचे चित्र. नदीचे पाणी, कचऱ्याची जागा, कडेच्या गावाशी वागणूक, हा आतला मणी.

ज्यांनी नाव परत मिळवले

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. सुरत म्हणजे घाण, सुरत म्हणजे रोग, असे नाव झाले. कापडाच्या आणि हिऱ्यांच्या या शहराला तेव्हा जाहिरात करून लोकांचे मन वळवणे शक्य नव्हते. १९९५ साली एस. आर. राव हे पालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना खोलीतून उठवून रोज सकाळी गल्लीबोळांत उभे केले. कचरा उचलला जातो की नाही हे स्वतः पाहायचे. अतिक्रमणे काढताना बड्यांची आधी काढली. घाण करणाऱ्या खानावळींना दंड केला. दोनेक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत चंदीगडच्या पाठोपाठ सुरतेचे नाव घेतले जाऊ लागले.

दुसरे शहर इंदूर. अहिल्याबाईंच्या होळकर घराण्याचे, आपल्या मराठी माणसांनी भरलेले. २०१७ पासून स्वच्छतेच्या यादीत त्याने पहिला मान सोडलेला नाही. पण शेतकऱ्याला इंदूरचे नाव त्याच्याही फार आधीपासून ठाऊक असायला हवे. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' आपण शिकतो ती तेथलीच. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत पालापाचोळा, शेण आणि काडीकचरा यांच्यापासून उत्तम खत करण्याची रीत बसवली. ती जगभर गेली. आज त्याच शहरात घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा घेतला जातो आणि फेब्रुवारी २०२२ पासून रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यातून गॅस आणि खत करण्याच्या क्षमतेचा कारखाना चालू आहे. इंदूरचे नाव एकदा नव्हे, दोनदा कचऱ्याने मोठे केले. फेकण्याच्या वस्तूला त्यांनी कामाची वस्तू मानले, एवढेच.

तर शहराने काय करावे

या सगळ्यावरून मला जे वाटते ते सरळ सांगतो.

पहिले, शहराने दुसऱ्याचा वेष घेऊ नये. आमचे सिंगापूर होणार, आमचे शांघाय होणार, अशा घोषणा ऐकून कान किटले. पिंपरी-चिंचवड हे घाम गाळणाऱ्यांचे शहर आहे. तेच त्याने अभिमानाने सांगावे. साताठ जिल्ह्यांतली माणसे येथे येऊन कशी उभी राहिली, ही गोष्ट कोणत्याही काचेच्या इमारतीपेक्षा मोठी आहे.

दुसरे, कचरा जेथे होतो तेथेच त्याची वासलात लावावी. ओला वेगळा, सुका वेगळा. पूर्वी शहराचे सोनखत गाडीने शेतात येई आणि शेतकरी पैसे देऊन नेई. आजही निवडलेल्या ओल्या कचऱ्याचे खत शेतकरी आनंदाने घेईल. पण त्यात काच, प्लॅस्टिक आणि कारखान्यातली घाण मिसळली असेल तर तो ते बांधावरही ठेवणार नाही. ज्या दिवशी शहराचे खत शेतकरी मागून नेईल, त्या दिवशी शहर स्वच्छ झाले असे समजावे.

तिसरे, नदी हद्दीत शिरताना जशी असते तशी हद्दीबाहेर सोडावी. घाण पाणी शुद्ध करण्याची केंद्रे बांधली हे पुरेसे नाही. एकही नाला आणि एकाही कारखान्याचे पाणी तसेच नदीत जाता कामा नये.

चौथे, कडेच्या गावांना आधी विचारावे, मग रेघ ओढावी. हद्दीत घेतल्यावर कर लगेच सुरू होतात. रस्ता, पाणी आणि ड्रेनेज मात्र मागून येतात. हा क्रम उलटा करावा.

पाचवे, माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला पाहुण्यासारखे वागवावे. पहाटे टेम्पो घेऊन आलेल्या माणसाला बसायला ओटा, प्यायला पाणी, बाईमाणसाला स्वच्छतागृह. शेतकरी आठवडे बाजारांनी याची वाट दाखवली आहे. मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या बाईला हुसकून लावणारे शहर तिच्या गावात काय नाव मिळवील?

आणि शेवटचे, क्रमांक कोणी दिला यापेक्षा शेजारी काय म्हणतो हे ऐकावे. मोशीच्या माणसाला विचारावे, नदीच्या खालच्या अंगाच्या गावाला विचारावे, मावळच्या शेतकऱ्याला विचारावे. त्यांचे समाधान झाले तर बाकीचे मान आपोआप येतील.

आणि आपण?

शहराला चार गोष्टी सांगितल्या, तर चार आपल्यालाही ऐकाव्या लागतील. आपल्या कितीतरी गावांच्या वेशीवर ग्रामपंचायतीची कमान आहे आणि कमानीखालीच प्लॅस्टिकचा ढीग आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले तेव्हा गावे झाडून निघाली. बक्षीस मिळाल्यावर झाडू किती ठिकाणी कोपऱ्यात गेला, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. हिवरे बाजारचे नाव सगळीकडे झाले ते कमानीने नव्हे. पाणी अडवले, शेतीसाठी कूपनलिका घेणे बंद केले, दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. माणसे पाहायला आपणहून येऊ लागली.

ज्यांची गावे शहराच्या जवळ आहेत, चाकणच्या बाजूला, मुळशीत, मावळात, हवेलीत, किंवा नाशिक-छत्रपती संभाजीनगर-कोल्हापूरच्या कडेला, त्यांनी पुनावळ्याची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यावर हरकती आणि सूचना द्यायला ठरावीक मुदत असते. ती मुदत बहुधा पेरणीच्या किंवा लग्नसराईच्या गडबडीत निघून जाते. नकाशा समजत नाही म्हणून तो सोडून देऊ नका. गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींना बसवा, आपला गट क्रमांक शोधायला लावा, कोणता रंग कशासाठी आहे ते विचारून घ्या. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. नव्याने राहायला आलेल्या लोकांना परके मानू नका. पुनावळ्यात शेतकरी आणि सदनिकाधारक वेगवेगळे उभे राहिले असते, तर दोघांचेही कोणी ऐकले नसते.

आणि जमीन विकायची वेळ आलीच तर एक विचार करा. आलेला पैसा गाडी-बंगल्यात गेला म्हणजे लोक 'गुंठामंत्री' म्हणून हिणवतात. तेही एक नावच आहे, आणि ते पुसायला पिढी जाते. त्याच पैशातून मुलींचे शिक्षण झाले, दुसरीकडे का होईना थोडी ओलिताची जमीन घेतली, एखादा धंदा उभा राहिला, तर घराचे नाव राहते.

शहर आपल्या अंगणात येऊन उभे राहिले आहे, ते आता माघारी जायचे नाही. त्याच्याशी भांडायचे तेथे भांडू, शिकायचे ते शिकू. पुढच्या वेळी कामानिमित्त पिंपरी-चिंचवडला गेलात तर शिल्प पाहा, बागा पाहा, मोरया गोसावींचे दर्शन घ्या. पण तासभर हाताशी ठेवा आणि पवनेच्या काठावर रावेतला एकदा, थेरगावला एकदा, अशा दोन ठिकाणी उभे राहून पाणी पाहून या. मुलांना बरोबर न्या. मोठ्या शहराची ओळख त्यांना करून द्यायची तर सुरुवात तेथून करावी.